आक्काचा घसा आणि ओव्याचं पान

पेणपासून रोह्यापर्यंत जेवढी म्हणून माणसं राहतात, त्या सगळ्यांवर एकाच वेळी संशय घेण्याची ताकद असलेलं माणूस मी आयुष्यात एकच बघितलं, आणि ती म्हणजे माझी थोरली मेहुणी. माझ्या बायकोची सख्खी मोठी बहीण. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणतो. पोलीस संशय घेतात, पण गुन्हा झाल्यावर. सासू संशय घेते, पण एका सुनेवर. आक्काचं तसं नाही. तिचा संशय सकाळी तिच्याबरोबर उठतो, चूळ भरतो, आणि दिवस मावळेपर्यंत तिच्या पुढं पुढं चालतो. दूधवाल्यावर, एसटीच्या कंडक्टरवर, डॉक्टरच्या बॅटरीवर, मधाच्या बाटलीवर, समोरून येणाऱ्या ढगावर. देवावर ती उघड संशय घेत नाही, पण एकदा गणपतीत आमच्या घरी आरतीला उभी असताना मूर्तीकडे डोळे बारीक करून बघत होती. आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "जावयबापू, ह्यो गनपती पेनचा दिसत नाय." मी म्हटलं, "आक्का, मी स्वतः पेणच्या कारखान्यातून डोक्यावरून आणला." तर म्हणते, "तुमी आनलात म्हनूनच इचारलं."

आता ती जन्मापासून अशी होती का, तर नसावी. तिच्याकडे राखायला एक वस्तू होती, म्हणून ती अशी झाली. ती वस्तू म्हणजे तिचा घसा. आमच्याकडच्या लग्नात भटजी नंतर येतो, धवलारीण आधी येते. मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला बायका धवला म्हणतात. ही लग्नाची जुनी गाणी. कुणी लिहून ठेवलेली नाहीत, आईनं लेकीच्या कानात घातलेली. ती जी पुढं होऊन म्हणते ती धवलारीण. तिनं तोंड उघडल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, मग बाहेर पाहुणे कितीही ताटकळोत. आक्का अशी धवलारीण, आणि माझी बायको तिची जोडीदारीण. आक्का ओळ टाकायची, आमची ही ती झेलायची. झेलायची म्हणजे ओळीचं शेपूट जमिनीला टेकायच्या आत उचलायचं, त्याला आपला वळसा द्यायचा आणि परत आक्काच्या स्वाधीन करायचं. एक रोह्याला दिलेली, एक गडबच्या बाजूला दिलेली, पण लग्नसराईत दोघी अशा गायच्या की एकाच अंगातून दोन आवाज निघतायत असं वाटावं. गडीमाणसानं त्यात तोंड घालायचं नसतं. गडीमाणसानं मांडवाच्या बाहेर बसून विडी ओढायची. मी आयुष्यभर ती ओढली, आणि मांडवाच्या कापडातून हिचा आवाज ऐकला. घरात ही मला "जेवायला चला" म्हणायची तो आवाज वेगळा होता. तोही बरा होता. पण मांडवातला तो मांडवातलाच.

घसा राखायला आक्काचं हत्यार म्हणजे ओव्याचं पान. हा डब्यातला ओवा नव्हे. परसात, फुटक्या बादलीत, डालड्याच्या डब्यात कुठंही काडी खोचली की फुटतं ते झाड. जाड, मऊ लव असलेलं, कडेला कातरल्यासारखं पान, आणि चुरडलं की ओव्याचा वास. पानओवा म्हणतात. आमच्याकडे पोराला खोकला झाला की बाई आधी परसात जाते आणि मग बाकीचं बघते, त्यात नवल काही नाही. पण आक्काचा सोहळा बघण्यासारखा. पान तोडायचं ते ऊन चढायच्या आत. तोडताना झाडाला सांगायचं की बाई, एकच घेते. मग ते गरम तव्यावर नुसतं पालथं घालायचं, मऊ पडलं की बोटात पिळायचं, दोन थेंब रस, बोटभर मध, चिमूटभर हळद, आणि जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचं. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. कुणी बोललं तर रस कानात जातो असं ती म्हणायची. लग्नाच्या दिवशी मात्र कोवळं पान खडीसाखरेबरोबर गालात धरायचं. लोकांना वाटायचं आक्का तंबाखू खाते. ती त्यांना तसं वाटू द्यायची, कारण खरं औषध कळलं तर उद्या दुसरी कुणी धवलारीण होईल.

एवढं साधं औषध, पण त्यातल्या प्रत्येक जिनसेवर तिचा संशय. सगळ्यात जास्त मधावर. डोंगराकडच्या वाडीतला एक मधवाला तिच्याकडे यायचा. तिनं आधी मधात वात बुडवून पेटवून बघायची, मग पाण्यात थेंब सोडून बघायचा, मग मुंग्यांपुढे ठेवायचा. मुंग्या आल्या तर म्हणायची साखर घातलीय, नाही आल्या तर म्हणायची औषध घातलंय. एकदा तिनं त्याला सांगितलं, "आदी तू खा." त्यानं बिचाऱ्यानं बोट बुडवून खाल्लं. आक्का त्याला ओटीवर बसवून त्याच्याकडे बघत राहिली, याला काही होतंय का म्हणून. त्याला काही होईना. शेवटी तो म्हणाला, "आजी, भूक लागली." तेव्हा तिनं त्याला भाकरी वाढली आणि मध घेतला. भाकरी खाताना मात्र त्यानं संशयानं आधी आक्काकडे बघितलं, असं ही मला हसून हसून सांगायची.

रोह्याच्या डॉक्टरचं तर आणखी वेगळं. एका पावसाळ्यात घसा दुखला म्हणून जावेनं तिला बळंच नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "साधी सूज आहे. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. घरात पानओवा असेल तर त्याचा रस मधातून घ्या, आराम पडेल. आठवड्यात बरं नाही वाटलं तर परत या." दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. आक्का बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. म्हणाली, "मी म्हनते तेच ह्यो म्हनतो. मंग ह्याला काय येतं?"

माइक आला तेव्हा तर तिनं मांडवात बसायचंच नाकारलं. भोंगा आंब्याच्या झाडावर बांधलेला. ती म्हणाली, "मी हितं गानार आनि आवाज त्या झाडावर निगनार? मंग गातंय कोन, मी का आंबा?" मोबाईल आल्यावर पोरी पुढं धरून उभ्या राहायच्या, तर ती गाणं थांबवून एकेकीचा मोबाईल पदराखाली ठेवून घ्यायची. "धरलेला आवाज सोडतात काय परत?" असं विचारायची. पोरी हसायच्या. मीही हसलो होतो. आज हसू येत नाही, कारण तिच्या या संशयापायी आमच्या हिचा आवाज कुणाच्याही मोबाईलमध्ये नाही. कुठंच नाही.

ही गेली त्याला दोन पावसाळे झाले. ताप आला, पेणला दवाखान्यात नेली, आणली ती तशीच. आक्का रोह्याहून आली. रडली नाही. दारात उभी राहून तिनं पाण्याच्या हंड्याकडे बघितलं, औषधाच्या पुड्यांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि सगळ्या बायकांच्या देखत मला विचारलं, "काय केलंत तुमी तिला?" सून रडायला लागली. मला राग आला नाही. सगळे मला "देवाची इच्छा" म्हणून समजावत होते. निदान एकीनं तरी जाब विचारला.

त्यानंतर आक्काचा घसा बसला. लग्नाचं बोलावणं घेऊन माणसं यायची आणि ती गळ्याला फडकं गुंडाळून ओटीवर बसलेली असायची. "घसा नाय," एवढंच सांगायची. संशय सगळ्यांवर घेऊन झाला. शेजारणीनं झाडाला दृष्ट लावली. नदीचं पाणी बदललं. वारा कंपनीकडून येतो. मातीच खोटी, बादलीच खोटी. झाड उपटून नवं लावलं, तेही उपटलं. आक्काचं गाऊन झालं, असं लोक म्हणायला लागले.

आणि मग आमच्या नातीचं लग्न ठरलं. माझा पोरगा, म्हणजे तिचा बाप, कंपनीत शिफ्टला जाणारा, त्याला चार मित्रांचं बघून हळदीला डीजे हवा. सून म्हणाली, "आक्काआजी येत असतील तर बघू, नायतर उगाच कशाला ओढाताण." नात कमी बोलणारी. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबा, आजी नाय. आक्काआजी तरी गाऊ दे." मला तेवढं पुरलं. खरं सांगायचं तर मला नातीपेक्षा माझीच घाई होती. आक्का गायली असती तर त्या गाण्यात हिची जागा तरी राहिली असती, निदान मोकळी. आक्का गप्प बसली की ती जागाही बुजणार होती आणि वरून डीजे वाजणार होता.

मी रोह्याला गेलो. आक्का ओटीवर झाड पुढ्यात घेऊन बसलेली. मी पत्रिका ठेवली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली.

"कोनी धाडलं तुमाला?"

"कुणी नाही. नातीनं सांगितलं, आक्काआजीनं गायला हवं."

"घसा नाय."

"औषध घ्या."

"औषदाचं झाडच फितूर झालंय," ती म्हणाली, आणि त्या झाडाकडे असं बघितलं की मला वाटलं ते आता जबानी देईल. मग विचारलं, "तिचं झाड हाय काय अजून?"

आमच्या परसात, न्हाणीच्या बाजूला, हिनं तेलाच्या डब्यात लावलेलं झाड होतं. म्हटलं, आहे. आक्का उठली, पिशवी भरली, आणि स्वतःचं फितूर झाडही बरोबर घेतलं. म्हणे याला एकट्याला घरात ठेवणार नाही.

रोह्याच्या स्टँडवर एसटीत चढलो. तिच्या मांडीवर झाड. कंडक्टर हसत म्हणाला, "आजी, झाडाला हाफ तिकीट लागेल हं." आक्कानं शांतपणे विचारलं, "हाफ तिकिटाला सीट भेटते काय?" तो म्हणाला, "भेटते की." झालं. झाड खिडकीशी बसलं, आक्का त्याच्या बाजूला बसली, आणि नागोठण्यापर्यंत मी उभा. नागोठण्याला शिफ्ट सुटलेली माणसं चढली. त्यातला एक खोकला, तर आक्कानं पदर काढून झाडाच्या डोक्यावर घातला. तो ओशाळून म्हणाला, "आजी, धूळ गेली घशात. हायवेचं काम चाललंय नं." आक्का म्हणाली, "तुझ्या घशाचं तू बग, माझ्या झाडावर खोकू नको." पण गडबला उतरायच्या आधी तिनं एक पान तोडून त्याच्या हातावर ठेवलं. "तव्यावर घाल," म्हणाली, "आनि कोनाला सांगू नको."

घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता ती परसात गेली. हिचं झाड डब्याबाहेर ओसंडलेलं. आक्का खाली बसली, माती बोटानं उकरली, पानं उलटी करून बघितली.

"पानी कोन घालतं?"

"मी."

"तरीच," म्हणाली. एक पान चावलं आणि थुंकलं. "इडीचा वास येतो ह्याला."

त्या दिवसापासून मला झाडाजवळ विडी बंद, मग परसात बंद, मग घरातच बंद. रोज ऊन चढायच्या आत आक्का त्या झाडापुढं बसायची. पण सगळ्यात मोठं रामायण झालं ते भज्यांचं. माझ्या सुनेनं एका दुपारी पाहुणे आले म्हणून पानओव्याची भजी केली. आमच्याकडे करतात, त्यात काही वाईट नाही. आक्कानं आवडीनं खाल्ली. वर म्हणाली, "बरी झाल्यात गो, कसली हायत?" सुनेनं सांगितलं. आक्का हातातलं भजं तसंच धरून परसात गेली, आणि मग जो आवाज निघाला तो मी काय सांगू! "अगो रांडंच्यांनो, माजा घसा तळून खाल्लात गो!" हायवेवरच्या टपरीतली माणसं चहा टाकून बघायला आली. एक ट्रकवाला थांबून विचारून गेला, काय ॲक्सिडेंट झालाय का.

तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. आयुष्यभर ती संशय घेत आली, आता माझी पाळी. ज्या बाईचा घसा बसलाय तिची हाक ट्रकवाल्यापर्यंत कशी जाते? दुसऱ्या दिवशी मी गोड बोलून तिला पेणच्या एका डॉक्टरकडे नेलं. म्हातारीचा आवाज इतके दिवस बसलेला म्हटल्यावर त्यानं नीट बघितलं, आरसा घालून, बॅटरी मारून. म्हणाला, "घसा स्वच्छ आहे. तरण्या पोरीसारखा." आक्का बाहेर येऊन म्हणाली, "ह्याच्या बॅटरीतले सेल संपलेत."

मी मग लक्ष ठेवायला लागलो. सकाळी ती परसात बसली की मी मोरीच्या आडोशाला दात घासत उभा. ती पान गालात धरायची, इकडे तिकडे बघायची आणि हळूच ओळ धरायची, "मांडवाच्या दारी गो हळद उजळली..." आवाज मोकळा, स्वच्छ, विहिरीतून पोहरा वर यावा तसा. ओळ संपायची, आणि ती थांबायची. मान जराशी डावीकडे वळायची. मग खोकायची, गळ्याला हात लावायची आणि पुटपुटायची, "नाय. हाय अजून सूज." रोज असंच, रोज त्याच जागी. तिसऱ्या चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. डावीकडं ही बसायची. त्या जागी हिनं झेलायचं होतं.

आक्काला सांगायची सोय नव्हती. तुमचा घसा बरा आहे, दुखतंय ते दुसरंच, असं सांगितलं असतं तर तिनं माझ्यावर संशय घेतला असता, आणि तो बरोबरच ठरला असता. कारण मलाही तेच दुखत होतं आणि माझ्याकडे तर पानही नव्हतं.

हळदीचा दिवस आला. मांडव भरला. नात पाटावर बसली. बाहेर डीजेचा टेंपो येऊन उभा, पोरगा दोन्हीकडे तोंड करून मधे. आक्का नवं लुगडं नेसून, गालात पान धरून पुढं बसली. डावी बाजू तिनं रिकामी ठेवली होती. एक बाई तिथं टेकायला गेली तर आक्कानं नुसतं बघितलं आणि ती उठली. मी माझ्या जागी, मांडवाच्या कापडाबाहेर, हातात विडी, पण न पेटवलेली.

आक्कानं ओळ टाकली. सगळा मांडव गप्प. ओळ संपली. आक्का थांबली, मान डावीकडे वळली, आणि खोकला आला. कुणीतरी पाणी पुढं केलं, तिनं ढकललं. दुसऱ्यांदा टाकली. पुन्हा त्याच जागी खोकला. बायकांत कुजबुज झाली. एक म्हणाली, "म्हातारीला नाय होनार गो आता." मांडवातल्या बायकांना धवला येत नव्हता असं नाही, पण आक्काची ओळ झेलायची आणि चुकायचं, एवढी छाती कुणाची? वाटीतली हळद तशीच वाळत होती. पोरानं टेंपोकडं बघून हात वर केला. आक्कानं तिसऱ्यांदा ओळ टाकली, आणि तिचा आवाज शेवटाला येतोय तोवर मला कळलंच नाही काय झालं. मांडवाबाहेरून, कापडाच्या पलीकडून मी ती झेलली.

मी कधी गायलेलो नाही. बैलाला हाकारलंय तेवढंच. माझ्या तोंडातून जे निघालं त्यानं सगळा मांडव आधी दचकला आणि मग फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. गडीमाणसानं धवला झेलला! पाटावर बसलेली नात दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. माझा पोरगा जमीन दुभंगते का बघत होता.

आक्का उठून उभी राहिली. कापड बाजूला केलं. मी विडी हातात घेऊन बसलेला.

"तुमी?"

"मी."

"अवो, झेलतात काय अशी? म्हस चिखलात बसल्यागत बसलात ओळीवर! तिची ओळ हाय ती! इतकी वर्सं कान कुठं ठेवले होते? अशी नाय. अशी झेलायची ती."

आणि रागाच्या भरात, मला धडा शिकवायला म्हणून, तिनं ती ओळ झेलली.

कशी झेलली ते मला लिहिता येत नाही. आक्काचा आवाज जाड, सरळ. हा बारीक होता, आणि शेवटाला जरा वर जाऊन मग खाली उतरत होता. हिचा होता. वळसा, श्वास, सगळं हिचं. आजवर तो कापडाआडून ऐकला होता, आज समोर, तेवढाच फरक. इतकी वर्षं शेजारी बसून आक्कानं तो राखून ठेवला होता, कुणाच्या मोबाईलला लागू न देता, आणि तो आपल्याकडे आहे हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मी खाली मातीकडं बघत बसलो. बायकांचं हसू कधी थांबलं ते कळलं नाही.

आक्का पण थांबली. तिनंही ऐकलं होतं. मग माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "बगताय काय? हितंच बसा. हलू नका," आणि आत जाऊन बसली. मग ओळ टाकायची ती आक्काच्या आवाजात आणि झेलायची ती हिच्या. नातीला हळद लागली. पायांना, हातांना, कपाळाला. दोघींनी मिळून लावली म्हणा. मागाहून बायकाही भीत भीत झेलायला लागल्या. आक्कानं दोघीतिघींना मधेच थांबवून शिव्या दिल्या आणि पुन्हा म्हणायला लावलं. नंतर डीजेही वाजला. पोरं नाचली. काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का सगळ्यांना सांगत होती की बहिणीच्या हातच्या झाडाचा गुण आला. पण मला परसात गाठून विचारलंच, "काल पानाला काय लावलं होतंत काय तुमी?" मी म्हटलं, नाही. तिला ते पटलं नाही.

लग्न उरकल्यावर मी तिला गडबच्या थांब्यावर सोडायला गेलो. एसटीला वेळ होता. मी म्हटलं, "आक्का, आता बोलावणी येतील. नाही म्हणू नका."

"आनि झेलायला कोन?"

"आमच्या इथल्या पोरी आहेत. नाहीतर मी आहे की."

ती पहिल्यांदा हसली. मग तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. "तुमचा काय भरोसा? मधेच सोडून जाल. तिच्यावर होता भरोसा. बगा काय केलंन तिनं."

एसटी आली. मी पिशवी वर दिली. ती खिडकीत बसली, शेजारच्या माणसाकडं बारीक डोळ्यांनी बघून घेतलं आणि बाहेर डोकं काढून म्हणाली, "जावयबापू, रस्ता वलांडताना दोनी बाजूला बगा. ह्या गाडीवाल्यांचा काय नेम नाय."

गाडी गेली. मी दोन्ही बाजूंना बघितलं. रस्ता मोकळा होता. तरी मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, आणि मग सावकाश ओलांडला.